चातीवरचा आरसा

परसवाड्याला दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस कुंभाराचं चाक थांबत नसे. शाळा सुटली की आम्ही त्या अंगणात जाऊन बसायचो. जमिनीलगत जड चाक, खाली खुंटीच्या टोकावर तोललेलं. काका कडेच्या खाचेत बांबूची काठी अडकवून चाकाला जोर देत, काठी बाजूला ठेवत आणि मग चाक आपल्या आपण फिरत राही. ओल्या हातांत मातीचा गोळा, दोन बोटांची चिमूट, आणि त्या चिमटीतून पणती वर येई. एकदा त्यांनी मला गोळा ठेवू दिला. मी तो अंदाजानं ठेवला, चाक जोरात फिरवलं, आणि गोळा हेलकावे खात सुटला तो माझ्याच मांडीवर आला. काका रागावले नाहीत. "आधी मंधात बसव पोरा, मंग फिरव," एवढंच म्हणाले.

आमचा बालाघाट जिल्हा एकोणिसाव्या शतकात भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे भाग जोडून झाला. म्हणून हिंदी, पोवारी, गोंडी आणि मराठी इथे एकाच अंगणात नांदतात, आणि 'मंधात' हा शब्द कुणाला परका वाटत नाही. मला तो पुन्हा आठवला तो फार वर्षांनी, एका प्रयोगशाळेच्या पिवळ्या उजेडाच्या खोलीत. अंगात पांढरा झगा, हातात चिमटा, आणि चिमट्यात सिलिकॉनची चकती. समोर एक वाटीसारखं भांडं आणि त्याच्या मधोमध, बोटभर उंचीचा, फिरणारा दांडा. त्या दांड्याला तिथे स्पिंडल म्हणतात. आपल्याकडे चरख्याच्या अशा फिरत्या दांड्याला चाती म्हणतात. सूत तिच्यावर गुंडाळलं जातं, इथे तिच्यावर आरसा ठेवतात.

आपण कवितेचं रसग्रहण करतो, बंदिशीचं करतो. मला इथे या चातीचं करायचं आहे. कारण तिच्यात एक प्रश्न अतिशय सुंदर रीतीनं सोडवलेला आहे: ज्याला हात लावायचा नाही, ते घट्ट धरायचं कसं?

आधी जिला धरायचं आहे ती चकती नीट पाहू. आज मोठ्या कारखान्यांत वापरली जाणारी चकती ३०० मिलिमीटर व्यासाची असते, म्हणजे जेवणाच्या मोठ्या ताटाएवढी. जाडी मात्र ७७५ मायक्रॉन, एका मिलिमीटरच्या पाऊण भागाहून किंचित जास्त. वजन सुमारे १२८ ग्रॅम. वरची बाजू इतकी घासूनपुसून गुळगुळीत केलेली की चेहरा स्वच्छ दिसावा. सिलिकॉन ठिसूळ आहे, पण तो काचेसारखा वेडावाकडा फुटत नाही. त्याच्या स्फटिकातल्या अणूंच्या रांगा ठरलेल्या असतात आणि तडा त्या रांगा धरून धावतो. नेहमीच्या वापरातली चकती फुटली तर तुकड्यांच्या कडा सरळ आणि कोपरे काटकोनी निघतात, जणू कुणी पट्टी लावून कापले. फुटतानासुद्धा शिस्त न सोडणारी ही वस्तू आहे, आणि तडा बहुतेक वेळा सुरू होतो तो कडेवरच्या एखाद्या बारीक ओरखड्यापासून.

या चकतीवर चिप घडवताना शेकडो पायऱ्या असतात, आणि त्यांतल्या कितीतरी पायऱ्यांत तिला फिरवावं लागतं. प्रकाशानं छपाई करण्यासाठी रेझिस्ट नावाचा पाकासारखा द्रव तिच्यावर पसरायचा असतो. आम्ल ओतून थर कोरायचा असतो. धुवायचं असतं, वाळवायचं असतं. फिरवण्यामागचा विचार जात्यासारखा सोपा आहे: दाणा मधल्या भोकात पडतो आणि पीठ कडेनं बाहेर येतं. थेंब मध्यावर टाकला की फिरण्याच्या जोरानं तो कडेकडे पसरत जातो, जास्तीचा उडून जातो, आणि मागे एकसारखा पातळ थर उरतो. एम्स्ली, बॉनर आणि पेक या तिघांनी १९५८ साली या पसरण्याचं गणित मांडलं. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की, द्रव सपाट पसरलेला असेल तर तो पातळ होत जातानाही सपाटच राहतो. मधे जाड आणि कडेला पातळ असं होत नाही. रेझिस्टच्या बाबतीत वेग चौपट केला तर थर साधारण निम्मा होतो. नेहमीच्या कामात हा थर एक-दीड मायक्रॉनचा असतो. केसाची जाडी त्याच्या कितीतरी पट भरेल.

आता या साध्या विचाराची किंमत पाहा. ३०० मिलिमीटरची चकती मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरू लागली की तिची कड सेकंदाला ४७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १७० किलोमीटर वेगानं धावते. कडेवरच्या थेंबाला बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट असतो. आणि ती केंद्रापासून फक्त एक मिलिमीटर सरकून बसली असेल, तर तिच्या स्वतःच्या वजनाच्या दहा पट जोर तिला बाजूला ओढत राहतो, तोही सेकंदाला ५० वेळा दिशा बदलत. काकांचं 'आधी मंधात बसव' हे वाक्य मला या आकड्यात दिसतं. मातीच्या गोळ्याला बोटभर चूक माफ असेल, या चकतीला एका मिलिमीटरचीही नाही.

गंमत अशी की नुसत्या फिरण्यानं चकती फुटत नाही. त्या वेगाला तिच्या मध्यावर जो ताण येतो तो हवेच्या दाबाच्या वीसेक पट भरतो, आणि चांगला सिलिकॉन त्याहून खूप जास्त सोसतो. म्हणजे भीती फिरण्याची नाही, धरण्याची आहे. लेथवर लोखंडाचा तुकडा धरायचा तर टर्नर चकचे तीन जबडे किल्लीनं आवळतो आणि निर्धास्त होतो. इथे तसं आवळलं तर जबड्याखालीच ओरखडा पडेल आणि तडा तिथूनच धावेल. वरच्या आरशाला तर स्पर्शच करायचा नाही, कारण तिथे घडत असलेल्या रेषांपुढे धुळीचा कणसुद्धा धोंडा असतो. मग उरलं काय? पाठ, कड आणि हवा. स्पिंडलच्या तीन मुख्य पकडी या तीन उत्तरांतून जन्मल्या आहेत, आणि तिन्हींची चव वेगळी आहे.

पहिली पकड पाठीची. दांडा आतून पोकळ असतो. त्याच्या डोक्यावर चकतीपेक्षा लहान, सपाट चक बसवलेला असतो आणि त्याच्या तोंडावर पाण्यातल्या तरंगांसारख्या गोल खाचा कोरलेल्या असतात. चकती ठेवली की पोकळ दांड्यातून खाचांमधली हवा काढून घेतात. आपण म्हणतो, चकती ओढली गेली. खरं तर तिला कुणी ओढत नाही. खालची हवा गेल्यावर वरची हवाच तिला दाबून बसवते, तीच हवा जी एरवी खोलीभर असूनही जाणवत नाही. १०० मिलिमीटरच्या छोट्या चकतीचं उदाहरण घेऊ, जिचं वजन दहा ग्रॅमही भरत नाही. खाचांचं क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर धरलं आणि तिथली ८० टक्के हवा काढली, तर वरची हवा सुमारे ४ किलो वजनाइतक्या जोरानं तिला दाबते. स्वतःच्या वजनाच्या चारशे पट! आणि हा जोर एका टोकाशी न टोचता सगळ्या खाचांवर सारखा वाटलेला. चक चकतीपेक्षा लहान का, याचंही उत्तर सुंदर आहे: कडेनं निथळणारा द्रव चकपर्यंत पोचू नये आणि खाचांतून आत ओढला जाऊ नये.

या पकडीची मर्यादाही तिच्या स्वभावातच आहे. ती हवेवर जगते. सगळी हवा काढून घेतली तरी दाबणारा जोर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोच्या पलीकडे जात नाही. आणि ज्या यंत्राच्या पोटात मुळातच निर्वात पोकळी असते, तिथे तर ती निरुपयोगी ठरते, कारण वरून दाबायला कुणीच नसतं. तिथे विजेच्या भारानं चकती धरून ठेवणारे वेगळे चक लागतात. शिवाय पाठ स्वच्छ ठेवायची असेल, तर खाचांचा स्पर्शही नको असतो.

म्हणून दुसरी पकड, कडेची. चकती हवेत, आणि भोवती पाच-सहा बारीक खुंट्या तिच्या गोलवलेल्या कडेला टेकलेल्या. या खुंट्यांतली एक रचना मला अतिशय आवडते. प्रत्येक खुंटी एका छोट्या तरफेच्या वरच्या टोकाला असते आणि खालच्या टोकाला वजन असतं. चाती फिरू लागली की ते वजन बाहेर फेकलं जातं, तरफ कलते, आणि वरची खुंटी आत, चकतीच्या कडेकडे दाबली जाते. वेग वाढतो तशी चकती सुटून जाण्याची शक्यता वाढते, आणि त्याच वेगानं पकडही वाढते. जो जोर चकतीला भिरकावू पाहतो, त्याच जोराला राखणीला बसवलेलं आहे. बाहेरची ताकद नाही, वेगळी मोटर नाही, आज्ञा देणारं कुणी नाही. कवितेत एखादी प्रतिमा उलटी फिरून आपलाच अर्थ पुरा करते, तेव्हा जसं मन थबकतं, तसं माझं इथे थबकलं.

दुसरी रचना स्प्रिंगची. तिच्यात धरण्यासाठी काहीच करावं लागत नाही, सोडण्यासाठी जोर लागतो. स्प्रिंग खुंट्यांना सतत मिटलेलं ठेवते, चकती घेताना-देतानाच यंत्र त्यांना उघडतं. त्यामुळे फिरताना वीज गेली तरी मूठ मिटलेलीच राहते. आमच्यासारख्या, वीज केव्हाही जाईल हे गृहीत धरूनच दिवस आखणाऱ्या गावातल्या माणसाला या रचनेतला समंजसपणा चटकन कळतो. जे बिघडणारच आहे ते बिघडल्यावरही नुकसान होऊ नये, असा विचार तिथे आधीच करून ठेवलेला आहे.

पण खुंटी जिथे टेकते तिथे आम्ल पोचत नाही, पाणी पोचत नाही. तेवढी जागा न धुतलेली राहील. यावर काही यंत्रांत खुंट्यांचे दोन संच ठेवतात. चकती पूर्ण वेगात फिरत असताना पहिला संच धरून असतो, दुसरा येऊन टेकतो, आणि मगच पहिला मागे सरतो. आता पहिल्या संचाखालच्या जागा धुतल्या जातात. बाळ एका कडेवरून दुसऱ्या कडेवर देताना आई आणि आजी क्षणभर दोघीही त्याला धरून असतात, तसाच तो मधला क्षण आहे. चकती एका हातातून दुसऱ्या हातात जाते, पण बिनहाताची एकही घडी येत नाही.

या कडेच्या पकडीचं महत्त्व मला तांब्यामुळे नीट उमगलं. आमच्या जिल्ह्यात मलाजखंड आहे, हिंदुस्थान कॉपरची तांब्याची मोठी खाण. तिथल्या दगडात तांबं शेकडा एकाच्या आसपास, म्हणजे एवढ्याशा तांब्यासाठी डोंगर फोडावा लागतो. चिपच्या आतल्या तारा पूर्वी अ‍ॅल्युमिनियमच्या असत. १९९७ साली आयबीएमनं तांब्याच्या तारांची पद्धत जाहीर केली, कारण तांब्यातून वीज जास्त सहज वाहते. पण तांबं सिलिकॉनमध्ये मुरलं की ट्रान्झिस्टर नासतात. म्हणून तांब्याभोवती अडसराचा थर लावतात, आणि चकतीच्या कडेवर चढलेलं तांबं तर काढूनच टाकावं लागतं, नाहीतर ते पुढच्या प्रत्येक यंत्राला आणि प्रत्येक चकतीला लागत जाईल. ते काढतात फिरवूनच. चकती चातीवर फिरत असते आणि कडेवर आम्लाची केसासारखी बारीक धार सोडलेली असते. धार जराही आत गेली तर कामाच्या तारा विरघळतील, बाहेर राहिली तर तांबं उरेल. ही धार स्थिर असते, फिरते ती चकती. म्हणून चकती मध्यावर बसलेली नसेल तर एका बाजूला कड उरेल आणि दुसऱ्या बाजूला काम कापलं जाईल. पुन्हा तेच: आधी मंधात.

तिसरी पकड मला या साऱ्या रचनेतली सर्वोच्च जागा वाटते. ती हवेची. लहानपणी शिंप्याकडून दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ आणून आम्ही एक खेळ करायचो. पत्त्याच्या तुकड्याला मधोमध टाचणी टोचायची, टाचणी रिळाच्या भोकात घालायची, आणि वरून भोकात जोरात फुंकायचं. पत्ता उडून जायला हवा, पण तो रिळाला चिकटून राहतो. फुंकर थांबली की पडतो. भोकातून आलेली हवा रीळ आणि पत्ता यांच्यामधल्या फटीतून वेगानं बाहेर पसरते. तिथला दाब कमी होतो आणि खालची हवा पत्त्याला वर दाबून धरते. वेग आणि दाब यांचं हे नातं डॅनियल बर्नुली यांनी १७३८ सालच्या ग्रंथात मांडलं, म्हणून या जातीच्या पकडीला बर्नुली चक म्हणतात.

यंत्रात रिळाची जागा चक घेतो आणि फुंकरीची जागा नायट्रोजन. चकच्या वर्तुळाकार फटीतून नायट्रोजन वेगानं बाहेर पसरतो, आणि चकती त्याच्यावर, मिलिमीटरहून कमी अंतरावर, न टेकता तरंगत राहते. पडत नाही, उडत नाही. हाच वाहता नायट्रोजन पाठीमागे आम्लाचा थेंब शिरू देत नाही. एकाच श्वासात धरणंही आणि राखणंही. पण या पकडीत एक उणीव आहे, आणि ती त्या पोरखेळातच दिसलेली होती: पत्त्याला टाचणी का टोचायची? कारण हवा पत्ता वर-खाली धरते, बाजूला सरकण्यापासून थांबवत नाही. म्हणून या चकवरही कडेला काही खुंट्या लागतात. त्या वजन पेलत नाहीत, फक्त चकतीला मध्यावर ठेवतात आणि सोबत फिरवतात. ऑस्ट्रियातल्या फिलाख इथल्या एसईझेड कंपनीनं या जातीच्या चकवर फिरवून कोरण्याची यंत्रं नावारूपाला आणली. २००८ साली अमेरिकेच्या लॅम रिसर्चनं ती कंपनी घेतली. माझ्यासाठी मात्र त्या यंत्राचा उगम शिंप्याच्या रिळापाशीच राहील.

पकड झाली, आता चाल. चाती एकदम वेगात जात नाही. आधी संथ फेऱ्यांत द्रव पसरू देतात, मग झपाट्यानं वेग चढवतात, मग तीस-चाळीस सेकंद त्याच वेगावर ठेवतात, आणि शेवटी उतरवतात. गायक विलंबितात रागाची जागा मोकळी करतो, मध्य लयीत बांधतो आणि द्रुतात झळाळी आणतो, तसा हा क्रम आहे. वेग फार हळू चढला तर द्रव मधेच वाळू लागतो आणि थर असमान होतो. फार झटक्यानं चढला तर पकडीवर घसरण येते. उतरणंही तितकंच जपून. चाती पुरती थांबल्याखेरीज खालची पोकळी सोडत नाहीत. फिरत्या चकतीची पकड सुटली तर ती तबकडीसारखी सुटून जाईल. म्हणून नीट रचलेल्या यंत्राला डोळे असतात: पोकळी पुरेशी बसली नाही तर मोटर सुरूच होत नाही, झाकण उघडं असेल तर सुरू होत नाही, फिरताना पोकळी घटली तर यंत्र स्वतः थांबतं.

हे मी शिकलो तेही चुकूनच. प्रयोगशाळेतल्या त्या पहिल्या दिवशी माझ्यासमोरचं यंत्र जुनं आणि साधं होतं. चकच्या तोंडावर वाळलेल्या रेझिस्टचा एक बारीक टवका होता. तो पुसायचं काम माझं होतं, आणि मी पुसला नव्हता. चकती ठेवली, तीही नजरेच्या अंदाजानं. वेग चढताच एक बारीक, उंच किणकिणाट झाला आणि भांड्यात पाच-सहा तुकडे पडले, सगळे काटकोनी. मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिलो. मग चक पुसला, दुसरी चकती घेतली, हातानं चक हळूच फिरवून तिची कड डोळ्यांसमोरून जाऊ दिली, सरकली तेवढी ढकलली, पुन्हा फिरवून पाहिली. चौथ्या वेळी कड जागची हलली नाही. मग बटण दाबलं. चकती फिरायला लागली, आणि थोड्याच वेळात ती फिरते आहे हेच कळेना, इतकी ती स्थिर दिसत होती. वरून रंगांची वलयं बाहेर सरकत गेली, एकेक करून विरली, आणि शेवटी सबंध आरशावर एकच रंग उरला.

पवईच्या आयआयटीत आणि बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २००६ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रं उभी राहिली, आणि पुढे देशभरच्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना तिथे येऊन स्वतःच्या हातानं हे काम करण्याची सोय झाली. याचं मोल मोठं आहे. पकड पुस्तकातून समजते, पण चकती मध्यावर बसल्याचा तो निश्चय बोटांना एकदा तरी कळावा लागतो.

ती पहिली साधलेली चकती मी चिमट्यानं उचलून उलटी केली होती. तिरप्या उजेडात पाठीवर अगदी फिकी गोल वलयं दिसली, चकच्या खाचांची. तेव्हापासून मला एक सवय लागली आहे. दिवाळीला परसवाड्याला गेलो की पणतीत तेल घालण्याआधी मी ती उलटी करून बघतो. काका फिरत्या चाकावरच दोऱ्यानं पणती कापतात, त्यामुळे तळाशी शिंपल्यासारख्या वळत गेलेल्या रेषा उमटतात. पणतीत तेल-वात घातली की त्या दिसत नाहीत, आणि दिसायची गरजही नसते. पण मी त्यांच्यावरून अंगठा फिरवतो, कारण रेषा जिथे वळतात तिथे पाहिलं की कळतं, गोळा कुठे बसला होता.